न्या. रानडे रोजच्या नोकरीत नक्की काय करत होते?

तालुकावाचनालय

नमस्कार मंडळी. 18 जानेवारीला आमच्या वाचनालयात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यावर चाळीस मिनिटांचं बोलणं ठरलं आहे. ऐकायला तालुका कोर्टातले वकील, काही निवृत्त बेलिफ-कारकून आणि शाळेची वरच्या वर्गातली मुलं असतील. प्रार्थना समाज, विधवाविवाह, सार्वजनिक सभा, रमाबाई याबद्दल हाताशी भरपूर आहे. अडतं ते नोकरीपाशी. तीस वर्षं माणूस न्यायखात्यात होता आणि त्याबद्दल सगळीकडे एकच ओळ, 'निःस्पृह न्यायाधीश'. वकिलांसमोर तेवढ्यावर भागणार नाही.

तर, ते कुठे कुठे आणि कोणत्या हुद्द्यावर होते? 'दख्खनचा शेतकरी कायदा' आणि रानडे यांचा संबंध काय? हायकोर्टातला एखादा निकाल मुलांनाही कळेल असा आहे का? शिवाय एका पुस्तिकेत दोन विधानं सापडली: 'मुंबई हायकोर्टाचे पहिले भारतीय न्यायमूर्ती' आणि 'शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवणारा कायदा रानड्यांनी लिहिला'. ही वापरू का?

जुनेकागद

दोन्ही वापरू नका. हायकोर्टात त्यांच्या आधी नानाभाई हरिदास होऊन गेले, नंतर काशिनाथ त्र्यंबक तेलंग. तेलंग 1 सप्टेंबर 1893 ला वारले आणि त्या रिकाम्या जागेवर रानडे आले. कायद्याचं विधेयक 1879 साली सिमल्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात थिओडोर होप यांनी मांडलं. रानडे तेव्हा नाशिक-धुळ्याला दुय्यम न्यायाधीश होते. विधेयकावर त्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहिलं, पण सरकारी नोकर असल्यामुळे लेखांखाली सही नसे.

आता हुद्दे. जन्म निफाडचा, 18 जानेवारी 1842. एम.ए. 1864, कायद्याची पदवी 1866. सुरुवातीला अक्कलकोट संस्थानात कारभारी, कोल्हापुरात न्यायाधीश, मग 1868 पासून एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी आणि इतिहास शिकवायला. ही सगळी धरसोडीची वर्षं, दोन वाक्यांत उरका. 1871 मध्ये अ‍ॅडव्होकेटची परीक्षा दिली आणि नोव्हेंबरात पुण्याला पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. 1873 मध्ये कायम झाले.

'दुय्यम' या शब्दावर मुलं हसतील, म्हणून तिथे थांबा. 1869 च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याप्रमाणे दुसऱ्या वर्गाच्या दुय्यम न्यायाधीशाला 5,000 रुपयांपर्यंतचे दावे चालवता येत. पहिल्या वर्गाला रकमेची मर्यादा नव्हती. त्या काळी देशी माणसाला न्यायखात्यात सहसा इथवरच चढता येई. त्याच्या वरची जिल्हा न्यायाधीशाची खुर्ची बहुधा सिव्हिल सर्व्हिसमधल्या साहेबाची. रानडे वीस-बावीस वर्षं या पायरीच्या आसपास राहिले आणि तिथून थेट हायकोर्टात गेले.

बदल्यांची गोष्ट वकिलांना आवडेल. पुण्यात सार्वजनिक सभेचं बळ वाढलं तसा सरकारचा संशय वाढला आणि 1878 मध्ये नाशिकला बदली झाली. 1879 च्या मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा जळाला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा तो काळ. लगेच रानड्यांची धुळ्याला रवानगी झाली आणि तिथे त्यांच्या टपालावर नजर राहिली. संशय टिकला नाही. 1881 मध्ये काही महिने मुंबईला प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट, आणि त्याच वर्षी पुणे आणि सातारा जिल्ह्यांसाठी शेतकरी कायद्याखालचे (खालच्या कोर्टांचे निकाल तपासणारे) सहायक स्पेशल जज्ज. 1884 मध्ये पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टात (लहान रकमांच्या दाव्यांचं कोर्ट). 1887 मध्ये डॉ. पोलन यांच्यानंतर स्वतः स्पेशल जज्ज. त्याच वर्षी सी.आय.ई. ही ब्रिटिश सरकारची पदवी मिळाली. नोव्हेंबर 1893 मध्ये हायकोर्ट, आणि 16 जानेवारी 1901 ला मृत्यू, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना.

मधल्या काळात मुंबईच्या कायदे कौन्सिलावर सरकारनियुक्त सभासद म्हणूनही होते. काँग्रेसचे अध्यक्ष मात्र कधीच नव्हते. हेही पुष्कळदा छापून येतं, म्हणून आधीच सांगितलं.

एक बारीक सूचना. 1893 च्या आधीचं काही सांगताना 'न्यायमूर्ती रानडे यांनी धुळ्याला' असं म्हणू नका. वकील लगेच पकडतील. 'रावसाहेब' किंवा 'माधवराव' म्हणा, त्या काळी लोक तसंच म्हणत.

कीर्दखतावणी

शेतकरी कायद्याचं मी सांगतो. माझ्या मते व्याख्यानाचा कणा हाच ठेवा, कारण रानड्यांच्या न्यायखात्यातल्या कामातला सगळ्यात कसाचा भाग इथे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात: 12 मे 1875 ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला कुळांनी (कर्जदार शेतकऱ्यांनी) सावकारांकडची खतं (कर्जाचे रोखे) हिसकावून जाळली, लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, चौकशी आयोग बसला. त्यातून 1879 चा सतरावा कायदा आला आणि तो 1 नोव्हेंबरपासून पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत लागू झाला.

त्याआधी कोर्टाचं काम सोपं होतं. सावकार खत दाखवी, कूळ 'अंगठा माझाच' म्हणे किंवा हजरच होत नसे, हुकूमनामा (वसुलीचा कोर्टाचा आदेश) होई. खतात लिहिलेला आकडा कुठून आला हे कोणी विचारत नसे. नव्या कायद्याच्या 12 व्या कलमाने न्यायाधीशाला खताच्या मागे जायला लावलं. व्यवहार पहिल्या दिवशी कसा सुरू झाला तिथपासून चौकशी. कुळाने दावा कबूल केला तरी, ती कबुली खरी आणि समजून-उमजून दिलेली आहे अशी कोर्टाची खात्री झाल्याशिवाय चौकशी टळत नसे. 13 व्या कलमात हिशेब कसा मांडायचा ते दिलं आहे. फळ्यावर करून दाखवा, मुलांना नक्की कळेल.

धरा, खत 100 रुपयांचं, व्याज दरमहा दर शेकडा 2. सावकाराने देतानाच 5 रुपये मनोती कापली, हातात आले 95. दोन वर्षांनी व्याज 48 झालं, त्यात 12 रुपयांचं धान्य उधार दिलं आणि 160 चं नवं खत लिहून घेतलं. आणखी दोन वर्षांनी 160 वर व्याज 76 रुपये 80 पैसे. (तेव्हा आणे-पै, पण मुलांसाठी पैसेच ठेवा.) बेरीज 236.80. कुळाने 40 रोख दिले, उरले 196.80, लिहिणावळ वगैरे धरून खत झालं 200 चं. पुन्हा दोन वर्षं गेली, 96 व्याज चढलं, दावा 296 रुपयांचा.

आता कायद्याचा हिशेब. मुद्दल आणि व्याज यांची दोन वेगळी खाती. मुद्दलाच्या खात्यात फक्त हातात पडलेली रक्कम आणि मालाची किंमत: 95 आणि दोन वर्षांनंतरचे 12, म्हणजे 107. व्याज मुद्दलात मिळवायचं नाही, चक्रवाढीचा करार असला तरी नाही. दर कराराचाच, पण कोर्टाला तो अवाजवी वाटला तर 14 व्या कलमाखाली वाजवी दर लावायचा. उदाहरणापुरता वर्षाला शेकडा 12 धरा. चौथ्या वर्षाअखेर 95 वर 45.60 आणि 12 वर 2.88, मिळून 48.48 व्याज. भरलेले 40 आधी व्याजात जमा, बाकी 8.48. पुढच्या दोन वर्षांचं 107 वर 25.68. व्याजबाकी 34.16, मुद्दल 107, एकूण देणं 141.16. दाव्यातल्या रकमेच्या निम्म्याहून कमी.

शेवटची अट दामदुपटीची: व्याजबाकी मुद्दलबाकीपेक्षा जास्त निघाली तर मुद्दलाच्या दुपटीवर जायचं नाही. आपल्याकडे ही चाल जुनीच, कायद्याने ती हिशेबाच्या रीतीत बसवली. उरलेल्या रकमेचे हप्ते पाडता येत. शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कैदेत टाकता येत नसे (कलम 21), आणि खास गहाण लिहून दिलेली नसेल तर जमीन जप्त करून विकता येत नसे (कलम 22).

हे वाचायला सोपं आहे, कोर्टात फार जड होतं. सावकार म्हणे जुनी वही वाळवीने खाल्ली, हे शेवटचं खत तेवढं आहे. कीर्द (रोजची नोंदवही) एका हाताची, खतावणी (खातेवही) दुसऱ्या हाताची. कुळाला भरलेल्या रकमा आठवत, तारखा आठवत नसत. पावत्या कोणी घेतलेल्या नसत. म्हणून कायद्यात पावती, वर्षाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्कही घातला होता.

स्पेशल जज्जची जागा कशाला होती ते आता कळेल. अशा कर्जाच्या दाव्यांना अपीलच नव्हतं. अपिलाचा खर्च कुळाला झेपत नाही आणि सावकाराला झेपतो, म्हणून ते काढून टाकलं. मग तालुक्याच्या मुन्सफाने (दिवाणी न्यायाधीशाने) हिशेब चुकवला तर सुधारणार कोण? त्यासाठी तपासणी आणि फेरतपासणी. स्पेशल जज्ज कोर्टा-कोर्टांत फिरे, निकाली दप्तरं काढून घेई, हिशेबाची बेरीज-वजाबाकी पाही, आणि चूक असेल तिथे निकाल बदले किंवा पुन्हा चौकशीला पाठवी. वर्षाचे बरेच महिने फिरती, मुक्काम तालुक्याच्या गावी. रानड्यांनी 1881 पासून आधी सहायक आणि मग मुख्य म्हणून हे केलं. ज्याला अर्थशास्त्रज्ञ रानडे म्हणतात त्याच्या हाताखालून अशी दप्तरं किती गेली असतील याचा विचार केला की त्यांचे शेतीकर्जावरचे लेख वेगळे वाचले जातात.

तालुकावाचनालय

फळ्यावरचा हिशेब नक्की घेणार, आभार. पण कायदा एवढा नेमका होता तर सावकारी संपली का नाही? वकील हाच प्रश्न विचारणार.

खरेदीखत

माझं नावच तुमचं उत्तर आहे. कीर्दखतावणी यांनी कायद्याची उजळ बाजू मांडली. पळवाटाही सांगाव्या लागतील, नाहीतर रानड्यांच्या कामावर फुकटची साखर पेरली जाईल.

सगळ्यात मोठी वाट खरेदीखताची. कायदा गहाणाच्या हिशेबात शिरतो, मग गहाण लिहायचंच कशाला? 100 रुपये कर्ज द्यायचं आणि जमिनीचं कायम खरेदीखत करून घ्यायचं. 'पैसे दिलेस की परत लिहून देईन' हे फक्त तोंडी. कोर्टात कूळ म्हणे हे गहाणच आहे. पण तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या 92 व्या कलमाप्रमाणे लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नसे. मुंबई हायकोर्टाने 1880 मध्ये बक्सू लक्ष्मण विरुद्ध गोविंदा कान्जी या निकालात थोडी फट ठेवली होती: दोन्ही पक्षांच्या वागणुकीवरून व्यवहार खरा कशाचा होता ते पाहता येईल. 1899 मध्ये बालकिशन दास विरुद्ध लेग या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) ती फट बुजवली. मग शेतकरी कायद्यात 10-अ कलम घालून शेतकऱ्यापुरता तोंडी पुरावा पुन्हा आत घ्यावा लागला. तोवर ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गेल्या.

दुसरी वाट कन्सिलिएटरची. दावा लावण्याआधी गावातल्या नेमलेल्या मध्यस्थापुढे जाऊन 'तडजोड झाली नाही' असा दाखला आणावा लागे. कल्पना चांगली. पण तडजोड झालीच तर तो कबुलीजबाब कोर्टात दाखल होऊन त्याला हुकूमनाम्याचं बळ मिळे, आणि 12-13 कलमांचा हिशेब तिथे होतच नसे. मध्यस्थ सावकाराच्या ओट्यावर बसणारा असला की झालं. 296 चे 280 करून 'तडजोड', कूळ खूश, सावकार त्याहून खूश.

तिसरी गोष्ट, शेतकरी कोण? उपजीविका मुख्यतः शेतीवर असणारा. मग चार एकर असलेला सावकारही स्वतःला शेतकरी म्हणवून घेऊ लागला, आणि गाडी हाकणारा मजूर-शेतकरी कोर्टाच्या व्याख्येत बसेना. व्याख्या पुन्हा पुन्हा बदलावी लागली. 1891-92 मध्ये कायद्याच्या अंमलाची चौकशी करायला आयोग बसला, त्यामागे हे सगळं होतं.

मुळातली उणीव मात्र कोर्टात भरून निघणारी नव्हती. सारा ठरल्या तारखेला रोख भरायचा, पाऊस आला नाही तरी. पैसा सावकाराशिवाय कोणाकडे नाही. कायद्याने सावकाराचा हात आखडला, दुसरा हात पुढे आला नाही. सिव्हिल सर्व्हिसमधले विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनी यावरच बोट ठेवून पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढून पाहण्याची योजना पुढे नेली. हिंदुस्थान सरकारने ती 1880 च्या दशकात उचलून धरली, लंडनच्या इंडिया ऑफिसने नाकारली. वकिलांनी विचारलं तर हे सांगा. कर्जाचा हिशेब न्यायाधीश दुरुस्त करू शकतो, पुढचं बियाणं उधार देऊ शकत नाही.

कीर्दखतावणी

खरेदीखत यांच्याशी बहुतेक सहमत. फक्त साखर पेरल्याचा आरोप मान्य नाही. पळवाटा सापडल्या त्या तपासणीतूनच. अपील असतं तर श्रीमंत पक्षकाराची प्रकरणं वर गेली असती, बाकीची तालुक्याच्या दप्तरात कुजली असती. आणि एक भर: रोख्यांवर दावा लावण्याची मुदत नेहमीच्या 3 वर्षांवरून वाढवून 6 आणि नोंदलेल्या दस्ताला 12 केली होती. कारण दर तीन वर्षांनी मुदत संपते म्हणून सावकार खत बदलून घेई आणि तेव्हाच व्याज मुद्दलात शिरे. वरच्या उदाहरणात दोन-दोन वर्षांनी खत का बदललं, याचं कारण मुलांना इथे सांगता येईल.

जुनेकागद

हायकोर्टातल्या निकालाचं राहिलं. मुलांसाठीही चालेल असा एक आहे: 1897 चा 'प्रतोद' खटला. सातारा जिल्ह्यातल्या या वृत्तपत्राने एका लेखावरून राजद्रोहाचा आरोप ओढवून घेतला, तेव्हाच्या दंडसंहितेचं 124-अ कलम. त्याच वर्षी टिळकांच्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं होतं की सरकारबद्दल प्रीती नसणं म्हणजेच अप्रीती. 'प्रतोद'चं अपील फरन, पार्सन्स आणि रानडे अशा तिघांपुढे आलं. रानड्यांचं म्हणणं असं की प्रीतीचा नुसता अभाव पुरेसा नाही. त्याहून पुढचा, द्वेषाच्या जवळ जाणारा, सत्ता झुगारायला लावणारा प्रत्यक्ष भाव हवा. दोष कायम राहिला, शिक्षा मात्र पुष्कळ खाली आल्या. 'रानड्यांनी संपादकाला सोडवलं' असं सांगू नका.

निकाल स्वतः पाहायचे असतील तर इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेचे खंड 18 ते 25 त्यांच्या काळाचे. 'प्रतोद' 22 व्या खंडात, पान 152. ते पुष्कळदा पार्सन्स यांच्याबरोबर बसत. वर दोघांची नावं असतात म्हणून निकाल रानड्यांनीच लिहिला असं समजू नये. मजकूर सुरू होतो तिथे कोणाचं नाव आहे ते पाहा. एवढ्याशा कारणाने भलतीच वाक्यं त्यांच्या नावावर खपतात.

मोडीलिपी

फळ्याऐवजी खरं खत दाखवायचं असेल तर गावातल्या जुन्या घरांतून एखादं मिळेल. मोडीत असेल, आणि त्यावर बहुधा शके. 78 मिळवा म्हणजे इसवी सन, पण पौष-माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर 79 मिळवावे लागण्याची शक्यता धरा. फसली सन (जुनं महसुली वर्ष) असेल तर दख्खनकडे 590 मिळवा, किंवा महिन्याप्रमाणे 591. व्याजाचा दर जवळजवळ नेहमी दरमहा शेकडा लिहिलेला असतो. तो वर्षाचा समजलात तर अख्खा हिशेब बारा पटीने चुकेल. 1 नोव्हेंबर 1879 नंतरचं आणि त्या चार जिल्ह्यांतलं असेल तर गावच्या रजिस्ट्रारचा शेरा शोधा, शेतकऱ्याने करून दिलेला दस्त त्याच्यासमोर लिहिणं सक्तीचं होतं. शेरा नसेल तर ते खत कोर्टात का गेलं नाही हेही कळेल. आणि मूळ कागद सभेत हातोहात फिरवू नका. मोठी छापील प्रत काढा, खतातली माणसं कोणाच्या तरी घराण्यातली असतात, त्यांची नावं झाका.

तालुकावाचनालय

सगळ्यांचे आभार. पहिली दहा मिनिटं बदल्या, मग वीस मिनिटं 296 चे 141 कसे झाले ते, उरलेल्या वेळात खरेदीखत आणि 'प्रतोद' असं ठरवलंय. एक विचारायचं राहिलं: मनोती हा शब्द आमच्याकडच्या वकिलांना कळेल का?

खरेदीखत

जुन्यांना कळेल. नव्यांना 'प्रोसेसिंग फी' म्हणून सांगा, चेहरे बघा.